हिरव्या जर्सीतली सात नंबर

मिरजेला परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, "काय सर, कसं काय आयर्लंड?" मी सांगतो, हिरवं आहे. पाऊस आहे, पण धो धो नाही. वरून कुणीतरी दिवसभर चाळणीनं पाणी शिंपडतंय असं वाटतं. रस्त्यात समोरून येणारा अनोळखी माणूससुद्धा हवेबद्दल दोन वाक्यं बोलल्याशिवाय पुढे जात नाही. बटाटे उत्तम. दूध तर इतकं गोड की चहाला साखर कमी लागते. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याचं समाधान होतं. मग एखादा जुना विद्यार्थी विचारतो, "आणि भारताचा रग्बीचा सामना बघितलात म्हणे, सर?" तिथं माझं बोलणं आखडतं. "बघितला, बघितला," म्हणून मी दुसराच विषय काढतो.

जे गेलेले नाहीत त्यांना तो देश कसा आहे हे कळावं म्हणून लिहायला बसलो होतो. नदी, समुद्र, जुन्या वेशी, सगळं लिहून झालं. वाचून पाहिलं तर तिथं मी स्वतः कसा वागलो तेवढंच नेमकं गळलं होतं. ते कागद बाजूला ठेवले आणि हे पुन्हा लिहितोय.

ड्रोहेडा

माझी धाकटी बहीण वैशाली ड्रोहेड्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञ आहे. शिकली आमच्या मिरजेतच. तिचा नवरा मिलिंद तिथून जवळच स्वोर्ड्सला, विमानतळाशेजारच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्यांची एकुलती एक मुलगी इरा. बोबडं बोलायच्या वयात ती तिकडे गेली, आता कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं इंग्रजीतून, तेही तिकडच्या वळणाचं, शब्द जरा गात गात म्हटल्यासारखं. जेवण कसं झालंय? ग्रँड. परीक्षा कशी गेली? ग्रँड. दारात पाय आपटला, कळवळली, लागलं का विचारलं, तरी ग्रँड.

पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. वैशाली ड्युटीवर निघताना घाईत म्हणाली, "दादा, चहा-साखर प्रेसमध्ये आहे, करून घे." मी इस्त्रीच्या टेबलाखाली शोधलं, वर शोधलं, धुतलेल्या कपड्यांची चळत हलवून पाहिली. इरा जिन्यावरून उतरली तेव्हा मी हातात इस्त्री धरून उभा होतो. तिनं विचारलं, मी सांगितलं, आणि ती पायरीवर बसून पोट धरून हसली. तिकडे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात. तिनं कपाट उघडून डबा काढला, चहा मात्र मला करू दिला नाही. तिनंच केला, आलं ठेचून.

ड्रोहेडा तसं आपल्या तालुक्याच्या गावासारखं. मधून बॉइन नदी वाहते, तिच्यावर पूल, चढावर चर्चचा उंच मनोरा, आणि गावाला अजून जुनी दगडी वेस आहे. मी वेशीखाली उभा राहून वर बघत होतो तर एक म्हातारी थांबून म्हणाली, "पाऊस येणार नाही आज, काळजी करू नका." लगेच आला.

संध्याकाळी इरा मला गाडीतून लेटाऊनच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. ओहोटीला समुद्र इतका मागे सरतो की घट्ट ओल्या वाळूचं मैदानच तयार होतं. तिथं तिनं कमरेला एक पट्टा बांधला, मला दुसरा दिला. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक फीत चिकटवलेली. हा टॅग रग्बी. खऱ्या रग्बीत माणसाला मिठी मारून जमिनीवर पाडतात. यात पाडापाडी नाही, ज्याच्या हातात बॉल आहे त्याची फीत ओढून काढली की तो अडला. बॉल हातातून द्यायचा तो मागेच, पुढे नाही. समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की गुण.

"ओढ, मामा," ती मराठीत म्हणाली आणि धावत माझ्यावर आली.

मी चाळीस वर्षं कबड्डीच्या नादात काढलेला माणूस. जिल्ह्याकडून खेळलोय, हायस्कुलात पोरांच्या पिढ्या तयार केल्यात. पण तिची फीत काही माझ्या हाताला लागली नाही. ती उजवा पाय टाकायची, मी तिकडे झुकायचो, आणि तोवर ती डावीकडून गेलेली असायची. तिसऱ्या वेळी मी ओल्या वाळूत बसकण मारली. कमरेत कळ गेली. ती धावत आली, मला उठवलं, आणि माझी कंबर दाबत विचारत राहिली, "आर यू ओके? खरंच?"

मी म्हटलं, "ग्रँड." ती पुन्हा हसायला लागली.

ती लहान असताना सुट्टीत मिरजेला यायची तेव्हा मीच तिला शाळेच्या मैदानावर न्यायचो. पाय एकीकडे दाखवायचा आणि अंग दुसरीकडे न्यायचं, हे मी तिला तिथल्या लाल मातीत शिकवलं होतं. त्या संध्याकाळी ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी आपला वाळू झटकत होतो.

जेवणाच्या टेबलावर

भारताच्या मुलींचा संघ येणार हे मला मिलिंदनं सांगितलं. त्या काही भारतातून येणार होत्या, काही आयर्लंडमध्येच नोकरीला असलेल्या. टॅग रग्बीत आपल्या बायकांचा हा अगदी सुरुवातीचा आंतरराष्ट्रीय सामना. याआधी त्या दुसऱ्या देशाशी एकदाच खेळल्या होत्या. दोन शनिवारी दोन सामने, पहिला डब्लिनच्या बाहेरच्या एका क्लबच्या मैदानावर, दुसरा आमच्या ड्रोहेड्याजवळ.

"आणि आपली इरा खेळणार!" मी म्हटलं. मला वाटलं, अर्थातच भारताकडून.

"आयर्लंडकडून," मिलिंद म्हणाला.

मग कळलं, की भारताच्या संघाकडून तिला फोन आला होता. आई-वडील भारतातले, म्हणजे ती खेळू शकत होती. तिनं नाही म्हणून सांगितलं होतं.

मला ते लागलं. वैशालीनं वाढलेली वांग्याची भाजी खाल्ली, भात घेतला, आणि मग ताकाचा पेला खाली ठेवत म्हणालो, "इरा, फोन आला होता तर नाही कशाला म्हणायचं? आपल्या देशाचा संघ आहे. रक्त शेवटी कुणाचं आहे अंगात?"

"माझं," इरा मराठीत म्हणाली.

वैशाली म्हणाली, "दादा, जाऊ दे ना. दोन वर्षं ती या मुलींबरोबर सराव करतेय. पावसात, थंडीत. पहिल्या वर्षी निवड झाली नाही, तेव्हा खोलीतून बाहेर येत नव्हती. आता झाली आहे, ती सोडून कशी जाईल?"

"मी काय सोड म्हणतोय?" मी म्हटलं. "मी आपलं विचारलं."

इरानं तिचं ताट उचललं, मग माझंही उचललं. "शनिवारी येशील ना पण?" तिनं विचारलं.

"येणार तर!" मी म्हटलं.

डब्लिनबाहेरचं मैदान

वैशालीला त्या शनिवारी ड्युटी होती. इरा सकाळीच संघाच्या बसनं गेली. मिलिंदलाही कामावर जायचं होतं, त्यानं मला मैदानाच्या फाटकाशी सोडलं आणि गाडीच्या खिडकीतून ओरडून सांगितलं, "दादा, खेळाडूंच्या घरच्यांची बसायची सोय क्लबहाउसच्या बाजूला आहे. उजवीकडे जा."

मी उजवीकडे जाणार होतो. पण डावीकडून ढोलाचा आवाज आला.

परदेशात आपला ढोल ऐकला की काय होतं ते तिकडे गेल्यावरच कळतं. मी तिकडे वळलो. मैदानाच्या कडेनं दोरी बांधलेली, तिच्यामागे आपली शंभरेक माणसं, तिरंगे, पोराबाळांच्या गालांवर रंग. मला बघताच एक उंच, दाढीवाला तरुण पुढे आला. "काका, महाराष्ट्रातले ना? चपलांवरून ओळखलं!" हा अभिजित. मूळचा पुण्याचा, सिटीवेस्टला राहतो, तिथल्याच एका कंपनीत आहे. त्यानं माझ्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला वडापाव दिला. वडा घरचा होता, पाव मात्र तिकडचा, गोडसर. तरी दोन खाल्ले.

मी नुकताच भारतातून आलोय आणि कबड्डीचा माणूस आहे असं कळल्यावर तर माझा मानच वाढला. "अरे, काकांना पुढे येऊ द्या! काका, तुम्ही झेंडा धरा. आज तुम्ही आमचे प्रमुख पाहुणे." मोठा झेंडा माझ्या हातात आला. मला दोरीला लागून अगदी पुढे उभं केलं. कुणीतरी फोटो काढले. खरं सांगायचं तर निवृत्त झाल्यापासून असं कुणी मला पुढे उभं केलं नव्हतं. मला ते फार आवडलं.

दोन्ही संघ मैदानात आले. आपल्या मुली निळ्या जर्सीत, आयर्लंडच्या हिरव्या. आपलं राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा मी जोरात म्हटलं. मग त्यांचं झालं. हिरव्या रांगेत इरा मान वर करून, डोळे मिटून गात होती. पाठीवर सात नंबर. वेणी माझ्या आईसारखीच, जाड.

खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात कळलं की आपल्या मुली कमी पडताहेत. वेगात नाही. वेग होता, जिद्द होती. पण एकमेकींची सवय नव्हती. विमानातून उतरलेल्या आणि इथल्या, दोघींना मिळून किती दिवस मिळाले असणार? बॉल द्यायला वळावं तर मागे कुणी नसायचं. आयर्लंडच्या मुली मात्र एका दोऱ्यात ओवल्यासारख्या पळत होत्या. दोनदा बॉल टेकवला, त्यातून एकदा इरानं. पाय उजवीकडे, अंग डावीकडे, आणि आपली मुलगी रिकाम्या हवेत हात मारून मागे राहिली. माझ्या तोंडून "वा!" निघणार होतं. मी ते गिळलं. आजूबाजूला सगळे हळहळत होते.

"ती सात नंबर बघा," अभिजित म्हणाला. "आपलीच दिसतेय की नाही? रंग बघा, केस बघा. आणि खेळतेय कुणाकडून! घरभेदी!"

सगळे हसले. कुणीतरी त्यावरच घोषणा केली, ढोलावर तो शब्द वाजवला. मीही हसलो.

तेवढ्यात बॉल आमच्याच बाजूनं रेषेबाहेर आला, गडगडत दोरीपर्यंत.

"काका, ओळखता का? कुणाची असेल ही?" अभिजितनं विचारलं. त्यानं सहज विचारलं होतं. त्याच्या मनात काही नव्हतं.

माझ्या हातात झेंडा होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही बुवा. असेल कुणाची तरी. इथं वाढलेली पोरं, त्यांना कसलं काय!"

आणि खाली बघितलं तर इरा बॉल उचलायला वाकली होती. दोरीच्या पलीकडे, माझ्या पायांपासून हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. ती ताठ झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम आणि गवताची काडी चिकटलेली होती. तिला ऐकू गेलं नसेल असं मी स्वतःला सांगू पाहिलं, मग कळलं नसेल असं सांगू पाहिलं. पण मराठी तिला सगळं कळतं हे मीच गावभर कौतुकानं सांगत आलोय.

ती बॉल घेऊन वळली आणि खेळ पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर इरा चांगली खेळली नाही. एक सोपा बॉल तिच्या हातातून निसटला. दुसऱ्यांदा ती बॉल घेऊन निघाली आणि निळ्या जर्सीतल्या सात नंबरनं, एका बुटक्या, चपळ पोरीनं, तिची फीत ओढून हात उंच केला. आमच्याकडे जल्लोष झाला. लगेच पुढच्या चालीत आपल्या मुलींनी बॉल टेकवला. सामन्यातला आपला तो एकमेव गुण. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. अभिजितनं मला मिठी मारली. मी झेंडा हलवला. थांबवायचा कसा ते सुचेना, म्हणून हलवतच राहिलो.

क्लबहाउस

तिकडची पद्धत चांगली आहे. सामना संपला की हरलेले-जिंकलेले समोरासमोर दोन रांगा करून एकमेकांना टाळ्या देत आत जातात, आणि मग सगळे एकत्र बसून खातात. क्लबहाउसमध्ये लांब टेबलांवर भाज्यांचं दाट सूप, जाड ब्रेड, लोणी, त्रिकोणी सँडविच आणि काळा कुळकुळीत चहा मांडला होता. आपल्या मुली हरूनही कोपऱ्यात नाचत होत्या आणि हिरव्या जर्सीतल्या मुली त्यांच्याकडून पावलं शिकत होत्या. आपल्याकडे हरलेला कबड्डीचा संघ मैदानाच्या मागच्या बाजूनं निघून जातो. मीही तेच करणार होतो, पण अभिजितनं हात धरून आत नेलं. "काका, सूप घेतल्याशिवाय नाही सोडणार."

इरा आली तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही, कारण ती निळ्या जर्सीत होती. आपल्या त्या बुटक्या मुलीनं आणि हिनं जर्सी बदलल्या होत्या. ती आखूड जर्सी इराच्या कमरेच्या वरच राहत होती. ती सरळ माझ्याकडेच येत होती, पण मध्ये अभिजित आला.

"हाय! काय खेळलीस! मराठी का गं तू?"

"हो," इरा म्हणाली. "थोडं थोडं."

"कुठली?"

"ड्रोहेडा."

"तसं नाही गं. मूळची? आई-बाबा कुठले?"

इरानं एकदा माझ्याकडे पाहिलं. "आई मिरजेची," ती म्हणाली.

"अरे वा! काकाही मिरजेचेच!" अभिजितला इतका आनंद झाला की त्यानं माझा खांदा थोपटला. "बघा काका, काही ना काही ओळख निघेल."

मी बोलायला हवं होतं. हाच तो क्षण होता. माझ्या हातात सूपचा कागदी पेला होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो.

"मिरज इज बिग," इरा शांतपणे म्हणाली. "तिथं सगळे सगळ्यांना ओळखत नाहीत."

तिनं मला वाचवलं. मी तिला नाकारलं होतं आणि ती मला उघडं पडू देत नव्हती. मला वाटलं, आता बोलतो. पेला खाली ठेवतो आणि बोलतो. पण पेला ठेवायला जागा शोधेपर्यंत एक धिप्पाड, लाल गालांचा माणूस हात पुढे करून आला. तो डेक्लन, इराच्या संघातल्या नीव नावाच्या मुलीचा बाप. मालवाहू ट्रक चालवतो. हे सगळं मला नंतर कळलं.

"तूच तो मामा! हो ना?" तो इंग्रजीत गरजला. मामा हा शब्द मात्र त्यानं मराठीतच म्हटला, बहुधा इराकडून ऐकून. "कबड्डीवाला! आठवडाभर ही पोरगी तुझ्याशिवाय दुसरं बोलत नाही. तो पाय टाकून फसवायचा डाव, तो तुझा म्हणे? माझ्या नीवलाही शिकवलाय तिनं. अरे, अख्ख्या संघाला शिकवलाय!" त्यानं माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. सूप माझ्या सदऱ्यावर सांडलं.

अभिजितनं माझ्याकडे पाहिलं, मग इराकडे, मग परत माझ्याकडे.

"काका?" तो म्हणाला.

"माझी भाची आहे," मी म्हणालो. आवाज माझा मलाच नीट ऐकू आला नाही.

अभिजितचा चेहरा लाल झाला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. "सॉरी हं," तो इराला म्हणाला. "ते बाहेर आम्ही जे... मस्करी चालली होती. मनावर घेऊ नकोस."

"यू आर ग्रँड," इरा त्याला म्हणाली. त्याच्याकडे बघून हसलीसुद्धा. मग टेबलावरचे कागदी रुमाल उचलून माझ्या हातात दिले, सदरा पुसायला. "बाबा बाहेर आलाय," एवढंच म्हणाली.

बॉइनच्या काठी

घरी जाताना गाडीत ती पुढे बसली आणि झोपली, किंवा झोपल्यासारखं केलं. मिलिंदनं विचारलं, "कसा झाला सामना, दादा?" मी म्हटलं, "चांगला झाला."

पुढचे दिवस ती माझ्याशी इतकं नीट वागली की रागावली असती तर बरं झालं असतं. नदीकाठच्या प्राचीन टेकाडासारख्या थडग्याला मला घेऊन गेली. दगडांवर कोरलेली वळणं दाखवली, चढावर हात धरला, छत्री माझ्यावर जास्त आणि स्वतःवर कमी धरली. मी विचारलं, "इरा, रागावलीस का?" तर "नो, आयम ग्रँड." त्या शब्दाचा खरा उपयोग मला तेव्हा कळला. दार लोटून घ्यायलाही तो चालतो.

पण आपणहून काही बोलणं नाही. जिन्यावर बसून हसणं नाही. रोज संध्याकाळी ती सरावाला एकटी जायची. मला चल म्हणाली नाही.

एका संध्याकाळी मीच तिच्या मागोमाग निघालो. ती नदीकाठच्या वाटेनं पळून परतत होती, मी बाकावर बसलो होतो. ती थांबली, कमरेवर हात ठेवून श्वास घेत.

"मी चुकलो," मी म्हटलं. "फार वाईट वागलो."

तिनं बाहीनं घाम पुसला. मग माझ्या शेजारी बसली, पण मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. बराच वेळ इंग्रजीत शब्द शोधले आणि शेवटी मराठीतच बोलली, अडखळत. "तू इंडियासाठी ओरडलास, मला काहीच नाही वाटलं. मीपण ओरडले असते. ते लोक मला काय म्हणाले, तेही चालेल. मला इथं शाळेत पण म्हणायचे, तू खरी कुठली, तू खरी कुठली. पण तू..." तिला शब्द सापडला नाही. "तू त्यांच्यासारखा म्हणालास. असेल कुणाची तरी."

नदीत दोन हंस प्रवाहाविरुद्ध चालले होते. मी त्यांच्याकडे बघत बसलो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

आणि तेव्हा मी काय विचारलं, तर, "आईला सांगितलंस का?"

शब्द तोंडातून निघाले आणि मला कळलं की मी अजूनही स्वतःचीच काळजी करतोय. तिलाही ते कळलं. ती उठली, बुटाची नाडी बांधली.

"नाही," ती म्हणाली. "तुझं आहे ते. तू सांग." आणि पळत घराकडे गेली.

वैशालीचं स्वयंपाकघर

वैशाली ड्युटीवरून आली तेव्हा मी चहा करून ठेवला होता. तिनं पायातले बूटही काढले नव्हते. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, झेंड्यापासून सूपापर्यंत. भूल देणाऱ्या डॉक्टरला समोरच्याकडे टक लावून बघायची सवय असते. तशी ती माझ्याकडे बघत होती. मी वयानं तिच्याहून बराच मोठा. तिच्या शिक्षणाला घरात विरोध होता तेव्हा मी तिच्या बाजूनं उभा राहिलो, हे ती अजून चार लोकांत सांगते. त्या माणसाकडे ती बघत होती, आणि तो तिला सापडत नव्हता.

मग तिनं फोन काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्यापुढे ठेवला.

"इरानं सामन्याच्या दिवशी सकाळी पाठवला होता मला," ती म्हणाली.

फोटो क्लबहाउससमोरच्या खुर्च्यांचा होता. पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग, सगळ्या रिकाम्या. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर उशी ठेवली होती. निळ्या फुलांची. तिच्याच दिवाणखान्यातली.

"घरच्यांसाठी जागा होत्या," वैशाली म्हणाली. "वाळूत पडल्यापासून तुझी कंबर दुखतेय म्हणून उशी बसमधून घेऊन गेली. सगळ्या मुली हसल्या म्हणे तिला." ती उठली. चहा तसाच राहिला होता. "तू सगळा वेळ उभा राहिलास ना दादा, तिकडे?"

मी हो म्हटलं.

"सामन्याला यायला जमलं नाही म्हणून मी इतकी हळहळले," ती म्हणाली, "पण म्हटलं, दादा आहे ना तिथं." आणि बूट काढायला बाहेर गेली. ती लवकर परत आली नाही.

दुसरा शनिवार

दुसरा सामना घराजवळच होता. वैशालीनं सुट्टी घेतली होती, मिलिंदनंही. मला कुणी चल म्हणालं नाही, येऊ नकोसही म्हणालं नाही. मी कपडे करून दारात उभा राहिलो तेव्हा वैशालीनं गाडीचं मागचं दार उघडून दिलं.

मैदानावर अभिजित होता, ढोल होता. मी आधी त्यांच्याकडे गेलो आणि त्या दिवशी मी खोटं बोललो होतो असं सगळ्यांसमोर सांगितलं. लोक अवघडले. एक बाई म्हणाल्या, "अहो, होतं असं कधी कधी." मला त्यांचं समजावणं नको होतं, तरी मान हलवली. अभिजितनं झेंडा पुढे केला. मी म्हटलं, तू धर, आणि क्लबहाउसच्या बाजूला गेलो.

या वेळी आपल्या मुली कितीतरी चांगल्या खेळल्या. आठवडाभरात त्यांना एकमेकींची सवय झाली होती. शेवटपर्यंत सामना कुणाचा ते सांगता येत नव्हतं. त्यांनी बॉल टेकवला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. इरानं टेकवला तेव्हा तिचं नाव घेऊन ओरडलो, वैशालीपेक्षाही मोठ्यानं. मैदानातून तिनं आवाजाच्या दिशेनं पाहिलं. हात वगैरे केला नाही. पाहिलं, आणि आपल्या जागेवर पळत गेली. सामना आयर्लंडनं जिंकला, जेमतेम.

खेळाडूंच्या घरच्यांसाठी पहिल्या रांगेत पांढऱ्या खुर्च्या मांडल्या होत्या. आमच्या तीन होत्या. मधली माझी. तिच्यावर उशी नव्हती. सामना संपेपर्यंत मी तिच्यावर ताठ बसून राहिलो.